महामारीतील गृहशिक्षण आणि पालकांच्या चिंता : कापडे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ या महामारीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतरच्या काळात पाल्याच्या शिक्षणाची जबाबदारी फार मोठ्या प्रमाणात घराकडे आली. ही जबाबदारी पालकांनी मागून घेतलेली नव्हती, तिच्यासाठी त्यांची पूर्वतयारीही नव्हती. साहजिकच या काळात पालकांच्या मनात अनेक शंका व चिंता निर्माण झाल्या. मुलाचे वर्ष वाया जाईल काय, आपण शिकलेलो नसताना त्याला काय शिकविणार, मोबाइलमुळे त्याचे डोळे बिघडतील काय, परीक्षा कशी होणार, असे प्रश्न शहरातील सदनिकेपासून सह्याद्रीच्या कुशीतील वाडीपर्यंत सर्वत्र विचारले गेले.

प्रस्तुत लेखात या चिंतांचे स्वरूप, त्यांमागील कारणे आणि त्यांतील तथ्य यांचा विचार केला आहे. विवेचनासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील पोलादपूर तालुका आणि त्यातील कापडे बुद्रुक व कापडे खुर्द यांसारख्या गावांचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. पालकांच्या ज्या चिंता सर्वांत मोठ्याने व्यक्त झाल्या, त्या सर्वांत मोठ्या हानीच्या चिंता नव्हत्या. खरी हानी लहान वर्गांत, फारशी वाच्यता न होता घडत होती. हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन होय.

गृहशिक्षण : संकल्पना आणि वस्तुस्थिती

‘होमस्कूलिंग’ या अर्थाने गृहशिक्षण म्हणजे पालकांनी विचारपूर्वक शाळेला दिलेला पर्याय होय. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षणचिंतकाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ या नियतकालिकातून या विचाराला चालना मिळाली. असे शिक्षण निवडणाऱ्या कुटुंबाजवळ सामान्यतः वेळ, पुस्तके आणि किमान एक सुशिक्षित पालक असतो. महामारीत जे घडले ते याहून सर्वस्वी वेगळे होते. येथे शाळा नाकारलेली नव्हती, ती बंद होती. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व परीक्षा शाळेच्याच होत्या, केवळ जागा घराची होती. यास्तव या व्यवस्थेस गृहशिक्षणापेक्षा ‘घरी आलेली शाळा’ म्हणणे अधिक उचित ठरते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. गृहशिक्षणात पालक स्वतः ठरविलेल्या गतीने शिकवितो. घरी आलेल्या शाळेत मात्र दुसऱ्याने ठरविलेला पाठ, दुसऱ्याने ठरविलेल्या वेळी, आपल्याजवळ नसलेल्या साधनाद्वारे पूर्ण करून घेण्याचे दडपण पालकावर येते. पालकांच्या बहुतेक चिंतांचे मूळ या दडपणात आढळते.

परिसराची पार्श्वभूमी

पोलादपूर हा डोंगराळ तालुका आहे. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री नदी या तालुक्यातून पुढे महाडकडे जाते. वस्ती एकवटलेली नसून वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. भात, नाचणी व वरी ही येथील प्रमुख पिके होत. घरटी एखादी तरी व्यक्ती मुंबई-ठाण्याकडे नोकरीनिमित्त असणे ही येथील जुनी रीत आहे. टाळेबंदीच्या काळात हे चाकरमानी मोठ्या संख्येने कुटुंबासह गावी परतले. परिणामी एकाच घरात गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकणारे मूल आणि मुंबईच्या शाळेत नाव असलेले मूल असे दोन प्रकारचे विद्यार्थी एकत्र आले. एकाचे गुरुजी जवळच्या गावात, तर दुसऱ्याच्या शिक्षिका मोबाइलच्या पडद्यावर, अशी ही स्थिती होती.

त्यातच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दक्षिण रायगडातील अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. राज्याचे शैक्षणिक वर्ष १५ जूनला सुरू झाले, असे कागदोपत्री ठरले तेव्हा अनेक घरांत मोबाइल चार्ज करण्याचीही सोय नव्हती. पुढील वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. महाड शहर महापुराखाली गेले. या भागातील मुलांचे शिक्षण महामारी, वादळ आणि दरड या तिन्ही आपत्तींच्या छायेत चालू होते, हे लक्षात घेतल्याशिवाय येथील पालकांच्या चिंता समजणार नाहीत.

पालकांच्या प्रमुख चिंता

१. ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार?’

ही चिंता बहुसंख्य ग्रामीण पालकांची होती. शिकविणे म्हणजे धडा समजावून देणे, उत्तरे लिहून देणे व वही तपासणे, अशी शिकविण्याची प्रचलित कल्पना आहे. या कल्पनेप्रमाणे चौथी-सातवीपर्यंत शिकलेला पालक स्वतःस अपात्र समजतो. तथापि प्रत्यक्षात कुटुंबांनी हात टेकले नव्हते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने प्रसिद्ध होणाऱ्या ‘असर’ या वार्षिक अहवालासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात दूरध्वनीद्वारे पाहणी करण्यात आली. त्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना घरातील कोणाची ना कोणाची अभ्यासात मदत मिळत असल्याचे दिसून आले. लहान वर्गांतील मुलांना ही मदत अधिक मिळत होती. मदत करणाऱ्यांत आईवडिलांबरोबर थोरली भावंडेही होती.

अल्पशिक्षित पालकास जे करता येते ते कमी महत्त्वाचे नाही. मुलाला रोज ठरावीक वेळी पुस्तक घेऊन बसविणे, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेणे, ‘तू आज काय वाचलेस ते मला सांग’ असे विचारणे, यांसाठी पदवी लागत नाही. स्वतःला वाचता न येणाऱ्या आजीलाही नातवंडाचे वाचन अडखळत आहे की सरळ चालले आहे, हे कानाने कळते. सायंकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या घरात मुलाच्या कानावर जी शब्दसंपदा पडते, ती त्याच्या पुढील वाचनास उपयोगी पडते. भाताच्या राशीवर पायली, मण, खंडी यांचा हिशोब ऐकणारे मूल गुणाकाराचा अर्थ समजण्याच्या जवळ असते. मात्र या अनुभवांचे रूपांतर लेखी अंकांत व अक्षरांत करून देणारा कोणीतरी आवश्यक असतो आणि ते काम मुख्यतः शिक्षकाचे आहे. घर हे शिक्षणाला पोषक आहे, पण ते शाळेची जागा घेऊ शकत नाही.

२. साधनांची व संपर्काची चिंता

महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या उपक्रमाद्वारे दैनंदिन अभ्यासाचे दुवे व्हॉट्सअ‍ॅपवरून शिक्षकांमार्फत पालकांपर्यंत पाठविले. ‘दीक्षा’ अ‍ॅपवर पाठ्यपुस्तकांशी निगडित ध्वनिचित्रफिती होत्या. या सर्वांसाठी स्मार्टफोन आवश्यक होता. ‘असर’च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, हे प्रमाण २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांतील ही वाढ मोठी आहे. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. घरातील एकमेव फोन कमावत्या माणसाबरोबर दिवसभर बाहेर जातो. तीन भावंडांचे तीन तास एकाच वेळी भरतात. डोंगराळ वाडीत फोन असूनही रेंज नसते आणि रेंजसाठी मुलास घरापासून दूर उंचवट्यावर जावे लागते, पावसाळ्यात तेही शक्य होत नाही.

या अडचणीवर दूरदर्शनचा मार्ग काही अंशी उपयुक्त ठरला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी असलेल्या या मालिकेस इंटरनेटची गरज नव्हती आणि तिचा भर कृतीतून शिकण्यावर होता. पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकाद्वारे ‘बोलकी शाळा’ भरविण्यात आली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले. साधन जितके साधे, तितकी त्याची पोहोच अधिक, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. ज्या ठिकाणी शिक्षक स्वतः वाडीवर गेले आणि अंगणात, देवळात किंवा समाजमंदिरात पाच-सात मुलांना घेऊन बसले, तेथे साधनाचा प्रश्न बराचसा मागे पडला.

३. डोळे, सवय आणि वेळ

मुलाने मोबाइल हाती घेऊ नये म्हणून कालपर्यंत दटावणाऱ्या पालकास तोच मोबाइल स्वतः विकत घेऊन द्यावा लागला. त्यामुळे ही चिंता स्वाभाविक होती. केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनपेक्षा अधिक तासिका असू नयेत आणि नववी ते बारावीसाठी अशा चारपेक्षा अधिक असू नयेत. या मर्यादेचा एक अर्थ पालकांपर्यंत नीट पोहोचला नाही. शासनानेच दीड तासाहून अधिक पडदा लहान मुलासाठी योग्य मानला नाही, याचा अर्थ उरलेला अभ्यास पुस्तक, वही, चित्र, खेळ आणि संभाषण यांतूनच व्हावयाचा होता. सहा तासांची शाळा पडद्यावर भरत नाही म्हणून मूल मागे पडेल, ही भीती अनाठायी होती. उरलेल्या वेळेत त्याच्याजवळ कोणीच बसत नाही, ही खरी काळजीची बाब होती.

४. वर्ष वाया जाण्याची व परीक्षेची चिंता

सर्वाधिक चर्चा या चिंतेची झाली. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द करावा लागला. २०२०-२१ या वर्षासाठी राज्यात अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठविण्याचा निर्णय झाला, तर दहावीची परीक्षा रद्द होऊन नववीचे ५० आणि दहावीचे अंतर्गत व प्रात्यक्षिकाचे ५० गुण धरून निकाल लावण्यात आला. थोडक्यात, एकाही मुलाचे वर्ष कागदावर वाया गेले नाही.

कायद्याचा आधारही पालकांच्या बाजूने होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश व त्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. मुंबईहून गावी परतलेल्या कुटुंबांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची होती. ज्या पालकांना ती ठाऊक नव्हती, त्यांनी मुलाचे नाव मुंबईच्या शाळेतच ठेवले आणि गावची शाळा हाकेच्या अंतरावर असूनही मूल दोन्ही शाळांपासून दूर राहिले.

परंतु वर्ष वाया न जाणे म्हणजे शिक्षण होणे नव्हे. वरच्या वर्गात गेलेले मूल खालच्या वर्गातील कौशल्य घेऊन गेले की नाही, हा प्रश्न गुणपत्रिकेने झाकला गेला.

५. काम, पोषण आणि मुलींचे भवितव्य

१५ जूननंतरचा काळ हा या भागात भाताच्या लावणीचा असतो. शाळा चालू असते तेव्हा मूल शाळेत आणि पालक शेतात, अशी विभागणी आपोआप होते. शाळा बंद झाली तेव्हा मूलही बांधावर आले. शेतात हातभार लावणे हे ग्रामीण बालपणाचे अंग आहे आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि हातभार आणि रोजचे काम यांतील सीमारेषा पुसली गेली की परतीचा मार्ग कठीण होतो. मोठ्या मुलाला मिळणारी पहिली मजुरी आणि मोठ्या मुलीवर पडणारी धाकट्या भावंडांची, स्वयंपाकाची व पाण्याची जबाबदारी या दोन गोष्टी शाळेशी स्पर्धा करू लागल्या. सुशिक्षित पालक पडद्याची चिंता करीत असताना गरीब पालकास या प्रश्नाला तोंड द्यावे लागत होते. शालेय पोषण आहाराचा शिधा कोरड्या स्वरूपात पालकांना वाटण्यात आला. त्यामुळे धान्य घरी पोहोचले, मात्र सर्व मुलांनी एका पंक्तीत बसून खाण्याची सवय खंडित झाली.

चिंतेचा क्रम आणि हानीचा क्रम

राज्यातील शाळा उघडण्याचा क्रम येथे उद्बोधक ठरतो. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी. जानेवारी २०२२ मध्ये तेही पुन्हा दोन आठवडे बंद होते. लहान मुलांकडून अंतराचे नियम पाळून घेणे अवघड असते, हे या क्रमामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु शैक्षणिक दृष्ट्या हा क्रम गरजेच्या नेमका उलट होता. नववीचा विद्यार्थी पुस्तक उघडून एकटा वाचू शकतो. पहिलीच्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यासाठी समोर माणूस लागतो. बोलणे मूल घरात आपोआप शिकते, वाचणे मात्र आपोआप येत नाही. मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांचा रोजचा सराव आणि चूक होताच ती दाखविणारे कोणीतरी, या दोहोंवर प्रारंभिक वाचन अवलंबून असते.

जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलाने शाळेचा वर्ग नियमितपणे पाहिला तेव्हा ते दुसरीचे निम्मे वर्ष ओलांडत होते. हेच मूल २०२२ मध्ये तिसरीत गेले. ‘असर’च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्के झाले. ही सुधारणा आशादायक असली, तरी २०२४ ची तिसरीतील मुले म्हणजे २०२२ मध्ये उघड्या शाळेत पहिलीला आलेली मुले होत. महामारीत पहिलीत असलेली पिढी २०२४ मध्ये पाचवीत होती. पाचवीतील मुलांपैकी सुमारे ४९ टक्के मुले त्या वर्षी दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की हानी झाली, पण ती कायमची नव्हती. शाळा पुन्हा नियमित भरू लागताच मुलांनी बरेचसे अंतर भरून काढले. दुसरा असा की ज्या पातळीवर आपण परत आलो, तीच मुळात समाधानकारक नव्हती. पाचवीतील निम्मी मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत नसतील, तर तो दोष केवळ महामारीचा नाही. शाळेच्या भिंतींआड राहिलेली ही उणीव महामारीमुळे पालकांनी प्रथमच आपल्या घरात, आपल्या डोळ्यांनी पाहिली. आपले मूल तिसरीत आहे, पण त्याला वाचता येत नाही, हे अनेक आईवडिलांना याच काळात कळले.

पालक, शाळा आणि महाविद्यालय

कोकणच्या या भागात शाळा बंद पडण्याचे प्रसंग महामारीबरोबर संपलेले नाहीत. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांना सुट्टी जाहीर करावी लागणे ही येथील पावसाळ्यातील नेहमीची बाब आहे. पूर व दरड यांचा धोका कायम आहे. यास्तव घर आणि शाळा यांच्यातील दुवा आपत्ती येण्यापूर्वीच तयार असणे आवश्यक आहे. पालकसभेत केवळ उपस्थिती व गणवेश यांची चर्चा न करता मुलाचे वाचन पालकांसमोर घेतले जावे. रोज पंधरा-वीस मिनिटांचे मोठ्याने वाचन घरी कसे करून घ्यावे, हे प्रत्यक्ष दाखविले जावे. प्रत्येक वाडीवर थोडी पुस्तके असावीत, म्हणजे रस्ता बंद झाला तरी वाचन बंद पडणार नाही. शाळा पुन्हा बंद करण्याची वेळ आलीच, तर सर्वांत लहान वर्ग सर्वांत आधी उघडण्याचा विचार व्हावा.

हा प्रश्न प्राथमिक शिक्षणाचा आहे म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी तो दूरचा मानू नये. मार्च २०२० मध्ये आठवीत असलेला विद्यार्थी जून २०२४ मध्ये पदवीच्या प्रथम वर्षात दाखल झाला. नववीचे वर्ष त्याने बहुतांशी पडद्यासमोर किंवा पडद्याविना घालविले आहे. त्याचे लेखन मंद असेल, दीर्घ परिच्छेद वाचताना तो थकत असेल, तर त्यास केवळ आळस म्हणणे न्यायाचे होणार नाही. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेले मूल सरळ मार्गाने शिकत राहिल्यास जून २०३२ मध्ये महाविद्यालयात येईल. म्हणजे पुढील अनेक वर्षे प्रत्येक नव्या तुकडीत या काळाच्या खुणा कमी-अधिक प्रमाणात असणार आहेत. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या वाचन-लेखनाची साधी चाचणी घेणे आणि गरजूंसाठी पहिल्या सत्रात सराववर्ग चालविणे हे प्रत्येक महाविद्यालयास शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत श्रमदानाबरोबर वाडीवरील मुलांसाठी वाचनाचे वर्ग ठेवता येतील. त्यातून शिकविणारा विद्यार्थीही स्वतःची उणीव भरून काढील.

समारोप

महामारीच्या काळातील पालकांच्या चिंता खोट्या नव्हत्या, मात्र त्यांचा क्रम चुकलेला होता. मोबाइल, तासिका व परीक्षा यांविषयीच्या शंकांना शासकीय निर्णयांतून काही ना काही उत्तर मिळाले. लहान मुलाच्या वाचनाचा आणि शाळेपासून हळूहळू दुरावणाऱ्या मोठ्या मुलीचा प्रश्न मात्र उत्तराविना राहिला, कारण तो फारसा कोणी विचारलाच नाही. ‘आम्ही शिकलेलो नाही’ असे म्हणणाऱ्या पालकास शिक्षकाची जागा घेण्याची गरज नाही. त्याने मुलाजवळ बसावे, ऐकावे आणि विचारावे, एवढीच अपेक्षा आहे. अक्षराची जबाबदारी शाळेची आहे. या दोन जबाबदाऱ्या स्पष्ट राहिल्या, तर पुढील आपत्तीत शाळेचे दार काही काळ बंद झाले तरी मुलाचे शिकणे थांबणार नाही.